लेकीचं पळणं

माझी मुलगी जेमतेम तीन वर्षांची होती तेव्हा आम्ही मुदखेडला शाळेच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहत होतो. मी त्याच शाळेत खेळाचा शिक्षक. गावाच्या तोंडी पीटी सर. संध्याकाळी मुलींच्या खो-खोचा सराव चालायचा आणि घर हाकेच्या अंतरावर, म्हणून बायको मुलीला घेऊन मैदानाच्या कडेला येऊन बसायची. मांडीवरून उतरली की पोरगी सुटायची. थोडं पळायची, की एकदम थांबून उकिडवी बसायची. गुडघे छातीला लावून, मान खाली घालून. जरा वेळ तशीच राहायची, मग उठून परत पळायची आणि परत बसायची.

खो-खोत पाटीवरच्या मुली तशाच बसतात, त्यामुळं आमच्या शिक्षकांना त्याची मोठी गंमत वाटायची. गणिताचे सर म्हणायचे, "सर, पोरगी आत्तापासूनच खो-खोत बसून राहिली की तुमची. नॅशनलला जाते बघा ही." सगळे हसायचे. मीही हसायचो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं.

रडली की तिचे ओठ जांभळे व्हायचे, हे बायकोनं मला सांगितलं होतं. जळकोटकडच्या आमच्या गावाहून माझी आई आली तेव्हा तिलाही ते दिसलं. ती म्हणाली, "रडून रडून दम कोंडला की व्हतंय तसं. लेकराला रडू देऊ नका." मग आम्ही तिला रडू देईनासे झालो. मागेल ते हातात द्यायचो.

कळलं ते अंगणवाडीत. लेकरं तपासायला सरकारी गाडी येते, तिच्यातल्या डॉक्टरबाईंनी सगळ्या मुलांच्या छातीला नळी लावली, आणि आमच्या मुलीपाशी आल्यावर त्या नळी उचलेचनात. बायको मला नंतर सांगत होती, "लई वेळ ऐकलं वो त्यांनी. मला वाटलं, त्यांची नळीच बिघडली का काय." मग डॉक्टरबाईंनी तिला एवढंच विचारलं, की पळता पळता ही मधेच उकिडवी बसते का?

बायको तिला कडेवर घेऊन थेट मैदानावर आली. भर दुपार, माझा आठवीचा तास चालू होता. मुली पाटीवर बसल्या होत्या. ती त्या बसलेल्या मुलींकडं बघत उभी राहिली, आणि मग म्हणाली, "आपली पोरगी खेळत नव्हती वो. तिला दम पुरत नव्हता."

नांदेडला महिन्यातून एकदा हैदराबादहून मुलांच्या हृदयाचे डॉक्टर येतात. त्यांनी पेननं कागदावर हृदय काढलं. आतल्या पडद्याला भोक होतं आणि फुप्फुसाकडं रक्त नेणारी वाट अरुंद होती. जन्मापासूनच. पळाली की अंगाला जास्त रक्त लागायचं, ते धड शुद्ध न होताच फिरायचं, आणि उकिडवं बसलं की थोडं रक्त परत योग्य वाटेला लागायचं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. एवढ्याशा जिवानं आपला इलाज आपण शोधला होता, आणि तो रोज माझ्या डोळ्यांदेखत करत होता. मी बी.पी.एड.ला हृदयाचे चार कप्पे पाठ करून पास झालेला माणूस. डॉक्टरांनी काढलेल्या त्या चित्रातला एकेक कप्पा मला ओळखू येत होता. त्याचा उपयोग काही नव्हता.

ऑपरेशन हैदराबादला झालं. बाहेरच्या बाकांवर आमच्यासारखेच आईबाप बसले होते, कुणी तेलुगू बोलणारे, कुणी बिदरकडचे. कुणाला कुणाची भाषा नीट येत नव्हती, पण डबा उघडला की सगळे एकमेकांपुढं धरायचे. खाणारं कुणी नव्हतं. मी आयुष्यभर लोकांना "श्वास घ्या, श्वास सोडा" असं ओरडत आलो. तिथं मला माझाच श्वास सापडत नव्हता.

दोन दिवसांनी आत सोडलं. बायकोनं तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही. तिनं चादरीखालून पोरीचा हात काढला आणि नखं बघितली. ती गुलाबी होती. आमच्या मुलीची नखं गुलाबी असू शकतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. बायको एकेक बोट उलटून बघत राहिली, शेवटी नर्सनं तो हात हळूच काढून परत चादरीखाली ठेवला.

निघताना मोठे डॉक्टर हिंदीत म्हणाले, "अब इसको बच्ची जैसे ही रखो. काच का बर्तन नहीं है ये. खेलेगी, कूदेगी, सब करने दो." मी मान डोलावली. बायकोनंही डोलावली. गाडीत बसल्यावर तिनं मुलीला मांडीवर घेतलं आणि मुदखेड येईपर्यंत खाली उतरू दिलं नाही.

पुढची काही वर्षं आमची मुलगी बसूनच वाढली. कुणी तिला बांधून ठेवलं नव्हतं, सगळे प्रेमच करत होते. गावी गेलो की माझी आई तिला ओसरीवर शेजारी बसवून घ्यायची. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगायची, "काळजाला भोक व्हतं. शिवून आणलंय." बायका लांबूनच बघायच्या, जणू जवळ गेल्यावर टाका उसवेल. पौर्णिमेला विहारात लेकरं धुडगूस घालायची तेव्हा कुणीतरी हमखास ओरडायचं, "ए, तिला धक्का लावू नका रे!" शाळेत पीटीच्या तासाला तिच्या बाई तिला झाडाखाली बसवायच्या आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायला द्यायच्या. दुसरीत असताना तिनं मला विचारलं, "पप्पा, मी मोठी झाल्यावर पण बाटल्याच सांभाळायच्या का?"

मी बायकोशी वाद घालायचो. डॉक्टर खेळू द्या म्हणालेत, मग आपण का अडवतो? ती एकदा भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "तुम्हाला ती पळताना ग्राउंड दिसतंय. मला तिच्या छातीवरचा वण दिसतोय. मी काय करू?" पोरीनं मैदानाकडं नुसतं पाऊल टाकलं तरी मीही तिला हाक मारून मागं बोलवायचो. गावभरच्या पोरींना मी शिट्टी मारून पळवत होतो, आणि माझ्या पोरीसाठी ती शिट्टी तोंडाला लावायचं धाडस मला होत नव्हतं.

चौथीत असताना ती घराच्या जिन्यावर धापा टाकायला लागली. आम्ही घाबरून नांदेडला नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि खुर्ची मागं सरकवून आमच्याकडं बघितलं. म्हणाले, "हृदयाला काहीही झालेलं नाही. तिला सवय नाही, म्हणून दम लागतोय. तिचे पाय बसून बसून कच्चे राहिलेत. सर, तुमचा धंदा काय?"

मी म्हणालो, "खेळाचा शिक्षक आहे."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "मग घेऊन जा तिला मैदानावर. आधी चालणं, मग पळणं. दमली की तिला थांबू द्या, थांबली म्हणून रागावू नका आणि पळाली म्हणून घाबरू नका. दरवर्षी दाखवत राहा."

पाचवीला ती माझ्याच शाळेत आली. आम्ही चालण्यापासून सुरुवात केली. स्टेशनपर्यंत जायचं, पुलाच्या पायऱ्या चढायच्या, वर उभं राहून गाड्या बघायच्या आणि परत यायचं. पहिले काही दिवस ती अर्ध्या पायऱ्यांवर कठडा धरून थांबायची. मग एक दिवस वर जाऊन मला हाक मारली, "पप्पा, तुम्हीच मागं राहून राहिले!" ती हसत होती आणि छाती वरखाली होत होती. मी त्या वरखाली होणाऱ्या छातीकडं बघत होतो.

मैदानावर मी तिला बाकीच्या मुलींबरोबर घेतलं. नियम एकच होता: दम लागला की हात वर करून बाहेर यायचं, कुणी काही विचारणार नाही. सुरुवातीला ती हात वर करायचीच नाही. लाज वाटायची. मग मी सगळ्याच मुलींना तो नियम लावला. वर्षभरात ती नेमकी केव्हा थांबायचं ते शिकली. मैदानावर ती मला 'सर' म्हणायची, घरी 'पप्पा'. तसं मी सांगितलं नव्हतं. तिनंच ठरवलं होतं.

तिचा खेळ वेगळा होता. लांब पल्ल्याचं पळणं तिला कधीच जमलं नाही. बाकीच्या मुली मैदानभर वाऱ्यासारख्या सुटायच्या, ही मात्र बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी, लहान लहान पावलांनी साखळी घालत राहायची. मागं लागलेली मुलगी जोरात आली की ही हळू व्हायची. ती थबकली की ही निघायची. समोरचीच्या खांद्याकडं बघून तिला कळायचं, ही आता कुणाला खो देणार. तिच्याकडं दम कमी होता म्हणून ती तो जपून वापरायला शिकली होती, आणि त्यातून असा काही खेळ तयार झाला होता की बघणारे बघत राहायचे. मी शिकवलेलं त्यात फार थोडं होतं.

चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ निवडायची वेळ आली तेव्हा मी बाजूला झालो. मराठीच्या मॅडमना म्हणालो, तुम्ही निवडा. त्यांनी तिला निवडलं. त्या आधीच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते की ऑपरेशनमध्ये मोकळ्या केलेल्या वाटेवरची झडप थोडी गळते, ती बऱ्याच मुलांची गळते, शाळेपुरतं खेळायला हरकत नाही. मी बायकोला सांगितलं. मग तिनं कपाटातून मुलीचा खेळाचा ड्रेस काढला आणि त्याचा गळा वर घेऊन शिवला. वण दिसू नये म्हणून.

नांदेडला जिल्ह्याचा सामना झाला. शेवटच्या डावात आमच्या दोन मुली लवकर बाद झाल्या आणि ही एकटी राहिली. बसलेल्या मुलींच्या मधून ती फिरत राहिली. बायको माझ्या शेजारी उभी होती आणि तिनं माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली होती. पंचांची शिट्टी झाली तेव्हा मुलगी बाद झालेली नव्हती. आम्ही जिंकलो होतो. मुलींनी तिला उचलायला घेतलं तर ती ओरडली, "थांबा गं, आधी श्वास घेऊ द्या!" सगळ्या हसल्या. बायकोनं बाही सोडली तेव्हा तिथं सुरकुत्या पडल्या होत्या. घरी जाईपर्यंत ती भेटेल त्याला सांगत होती, "आमची पळत होती ती."

जिल्हा जिंकलेले संघ पुढं लातूरला विभागीय स्पर्धेला जातात. त्या आधी वर्षाची तपासणी होती. मी तिला मोटारसायकलवर मागं बसवून नांदेडला नेलं. ती रस्ताभर लातूरचंच बोलत होती. लातूर तिचं आजोळ, त्यामुळं मामा-मावश्या सगळे बघायला येणार होते.

डॉक्टरांनी या वेळी मशीनच्या पडद्यावर बराच वेळ बघितलं. मग हैदराबादला जाऊन मोठी तपासणी करून यायला सांगितलं. ती केली. तिचे रिपोर्ट घेऊन परत त्यांच्यापुढं बसलो तेव्हा बायकोही सोबत होती. डॉक्टर मुलीशीच बोलले, हे मला त्यांचं बरं वाटलं. त्यांनी सांगितलं की झडप आता बरीच गळते आहे, त्यामुळं उजवा कप्पा ताणून मोठा झाला आहे. पुढं कधीतरी नवी झडप बसवावी लागेल. पण आत्ता नाही. अंगानं भरली की मोठ्या माणसाच्या मापाची बसवता येईल, म्हणून होईल तेवढं थांबायचं. तोवर सामने बंद.

"म्हणजे खो-खो बंद?" तिनं विचारलं.

"खेळ बंद नाही बेटा. चाल, सायकल चालव, मैत्रिणींबरोबर हलकं खेळ. खेळता खेळता बोलता आलं पाहिजे, एवढंच लक्षात ठेव. बोलता येईना झालं की थांबायचं. फक्त जिंकायला खेळायचं नाही."

ती मग म्हणाली, "जिंकायला नाही खेळायचं, तर मग खेळायचं कसं?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मीही त्यांच्याकडं बघितलं. इतकी वर्षं मी हाच विषय शिकवतो आहे.

मुलगी आणि बायको बाहेर गेल्यावर मी दारात थांबलो. विचारलं, "डॉक्टर, मी पळवलं म्हणून झालं का हे?"

"अजिबात नाही," ते म्हणाले. "ती बसून राहिली असती तरी झडप गळलीच असती. उलट पळाल्यामुळं बाकीचं शरीर मजबूत झालंय. ते पुढच्या ऑपरेशनला कामाला येईल. हे डोक्यातून काढून टाका."

दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेलेलं होतं. मोटारसायकल सुरू करताना परत आलं. गावी आईला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "म्या तवाच म्हणलं व्हतं." तिला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

लातूरला जायचं की नाही हा प्रश्न तिनंच सोडवला. म्हणाली, "ड्रेस घालून राखीव मुलींमध्ये बसते. खेळणार नाही. बसू तर द्या." तिचं नाव संघात होतंच, मॅडमनी ते काढलं नव्हतं. बायको म्हणाली, "बसू द्या वो. बसायची तर सवय आहे तिला." ती हे बोलली आणि तिचं तिलाच सहन झालं नाही. उठून आत गेली.

आम्ही तिघांनी सासुरवाडीला मुक्काम केला. सासूबाईंनी नातीसाठी धपाटे करून ठेवले होते. त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, पोरीच्या जातीला कशाला हे खेळबिळ? शिकू द्या, नोकरीला लागंल." मी "हाव" म्हणालो. कुणाशीही कशावरही बोलायची माझी तयारी नव्हती.

सकाळी सामना सुरू झाला. समोरचा संघ लातूर जिल्ह्यातलाच होता आणि चांगला होता. त्यांच्यात एक उंच, लांब हातांची मुलगी होती, ती खांबापाशी आली की झेप घेऊन आमच्या संघातली मुलगी टिपायची. पहिल्या डावात आम्ही कसेबसे बरोबरीला राहिलो. दुसऱ्या डावात आमची पळती आली आणि एका मागून एक मुली बाद व्हायला लागल्या. शेवटची तुकडी आत जायची होती. त्यातल्या एका मुलीचा पाय मुरगळला होता, तिला बदलावं लागणार होतं. मराठीच्या मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मुलींनी माझ्या मुलीकडं बघितलं.

ती उठून माझ्यापाशी आली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, ती उंच पोरगी डावीकडंच झेपते. प्रत्येक वेळी. मी बघून ठेवलंय. मला तेवढं एकदा जाऊ द्या. मी मधेच थांबेन. हात वर करेन."

"नाही," मी म्हणालो.

"सर, एकदाच."

"नाही म्हणलं ना."

"पप्पा." हे ती मैदानावर पहिल्यांदाच म्हणाली.

मी तोंड फिरवलं. सातवीतल्या एका नवख्या मुलीला खूण केली. ती बिचारी घाबरतच उठली. माझ्या मुलीनं तिचा दंड धरला आणि कानात भराभर सांगितलं, "खांबाजवळ गेलीस की उजवीकडं वळ. डावीकडं जाऊच नको. ऐकतीस ना? उजवीकडं." ती पोरगी आत गेली. पहिल्यांदा उजवीकडं वळली आणि वाचली. दुसऱ्यांदाही वाचली. तिसऱ्यांदा घाबरून डावीकडं गेली.

आम्ही हरलो. बाकीच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. माझी मुलगी रडली नाही. ती त्या सातवीतल्या मुलीच्या शेजारी बसून तिच्या गुडघ्याची माती झाडत होती.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती आणि मी तिच्या शेजारी. अहमदपूर मागं टाकलं. मग बाहेर बघतच म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला शिकवायलाच नको होतं."

"असं का म्हणतीस?"

"झाडाखाली बसायचे तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, पण ठेवला नाही. पुढच्या सीटवर बायको बसली होती. तिनं हे ऐकलं असणार, कारण तिची मान एकदम ताठ झाली. पण तिनं मागं वळून बघितलं नाही.

घरी पोचल्यावर, मुलगी झोपल्यावर, बायको म्हणाली, "खरं सांगू का? ती तुमच्यापाशी आली तेव्हा मला वाटलं, आता तुम्ही तिला पाठवता. आणि मला वाटलं, पाठवा. मी, आं! जन्मभर तिला आडवी आले ती मी." तिला रडू आवरेना. "मी आई हाय का कोण हाय?" मी तिला सांगितलं की मलाही तसंच वाटलं होतं. नाही म्हणायच्या आधी एक क्षण माझा हात तिला आत जा म्हणून उचललाच जात होता. आम्ही दोघं स्वयंपाकघरात तसेच बसून राहिलो. दोघांपैकी कुणाचंही चुकलं नव्हतं आणि त्यानं काही फरक पडत नव्हता.

त्यानंतर मुलगी मैदानावर आली नाही. मी जात राहिलो, ते माझं काम आहे. मुली विचारायच्या, "सर, ताई का येईनात?" मी म्हणायचो, अभ्यास आहे. साखळी शिकवायची वेळ आली की माझे शब्द अडायचे. तिच्यासारखी साखळी घालून दाखवणारं आता कुणी नव्हतं, आणि मला स्वतःला ती कधी तशी जमली नव्हती.

चालणं मात्र सुटलं नाही, आणि ते माझ्यामुळं नव्हे. बायकोनं ते हातात घेतलं. सकाळी सहाला ती मुलीला उठवते आणि दोघी बारडच्या रस्त्यानं चालत जातात. बोलता आलं पाहिजे, हे डॉक्टरांचं वाक्य बायकोनं असं धरून ठेवलंय की ती मुलीला सारखी बोलायला लावते. "काय बी बोल, पण बोलत चल." सुरुवातीला मुलगी चिडून पाढे म्हणायची. मग हळूहळू खरंच बोलायला लागली. काय बोलतात ते मला माहीत नाही. परत येतात तेव्हा कधी दोघी हसत असतात, कधी दोघींचे डोळे लाल असतात. मी चहा टाकून ठेवतो. एकदा मी विचारलं, मीही येऊ का? मुलगी म्हणाली, "तुम्ही आले की बोलणं होत नाही."

परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, कप्पा होता तेवढाच आहे, वाढलेला नाही. ही चांगली बातमी. झडपेचं अजून थांबू. ती वाढतेय, वाढू द्या. आम्ही आता तिच्या वाढण्याची वाट बघतो. ती वाढली की ऑपरेशन, म्हणून ती वाढताना दिसली की बरं वाटतं आणि धस्सही होतं. नवा युनिफॉर्म घेताना दुकानदार म्हणाला, "पोरगी लई उंच झाली की सर." बायकोनं आणि मी एकमेकांकडं बघायचं टाळलं.

ती आता दहावीत आहे. मामानं लातूरहून तिला जुनी सायकल पाठवली. गेल्या रविवारी ती सायकलवर क्लासला निघाली तेव्हा मी काही काम नसताना मागोमाग चालत निघालो. रेल्वे फाटकापाशी तिनं वळून बघितलं आणि थांबली.

"पप्पा, कुठं चाललात?"

"असंच. भाजी बघावं म्हणलं."

"भाजी त्या बाजूला नाही."

ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. रागावलेली नव्हती. दमलेल्या मोठ्या माणसासारखी बघत होती. मग म्हणाली, "मला दम लागला तर मला कळतंय. तुम्हाला मागून काय कळणार? जावा घरी."

तिनं फाटक ओलांडलं आणि घंटा वाजायला लागली. फाटक पडलं. मालगाडी आली, लांबच लांब, कोळशाचे डबे. डब्यांच्या फटींतून मला पलीकडचा रस्ता तुकड्या-तुकड्यानं दिसत होता आणि त्यात ती नव्हती. गाडी गेली तेव्हा ती बरीच पुढं गेली होती. चढाला लागली होती. चढावर ती सायकलवरून उतरली आणि हातात धरून चालायला लागली. का उतरली? दम लागला म्हणून, की चढ सगळ्यांनाच जड जातो म्हणून? माझ्या शेजारी उभा असलेला माणूस मोटारसायकल सुरू करून निघून गेला. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मी रस्त्यातून बाजूला झालो आणि ती चढ चढून दिसेनाशी होईपर्यंत तिथं उभा राहिलो.